एप्रिलनंतरचा फेब्रुवारी

मार्चमध्ये आमच्या गावात पाहुण्याने येऊ नये. बर्फ धड गेलेला नसतो आणि धड राहिलेलाही नसतो. रस्त्याच्या कडेला त्याचे काळपट ढीग उरतात आणि अंगणात पाय टाकला की बूट चिखलात राहतो, नुसता मोजा तेवढा वर येतो. बोस्टनपासून दीड तासावरच्या या गावात चिखलाला वेगळ्या ऋतूचा मान आहे. आधी हिवाळा, मग चिखल, मग वसंत. पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपली थट्टा चाललीय. आता बावीस वर्षांनी नव्या लोकांना मीच हे सांगते आणि चेहरा गंभीर ठेवते.

याच दिवसांत मेपलच्या झाडांना बादल्या लटकतात. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं असं हवामान असलं की खोडातून गोड रस पाझरतो, तो आटवून सिरप करतात. काल सकाळी दार उघडलं आणि समोरच्या मार्गारेटबाईंच्या झाडाखालून तो आवाज आला. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. दोन वर्षांपूर्वीचा मार्च जसाच्या तसा समोर उभा राहिला. तो माझ्या मोडलेल्या घोट्याचा मार्च होता.

पत्रपेटीपर्यंत जाऊन यायचं एवढंच काम होतं. बर्फावरून पाय सटकला आणि पुढचे दोन महिने मी घरात. नवरा ऑफिसला, लेक प्रज्ञा न्यूयॉर्कला. मी खिडकीत बसून समोरचं घर बघायचे. एके दिवशी त्या घरातून मार्गारेटबाई आल्या, एका हातात सुपाचं भांडं आणि दुसऱ्या हातात काठी. वीस वर्षांत आमचं बोलणं हवा, कचऱ्याचा वार आणि कुंपण यांपलीकडे गेलं नव्हतं. मी त्यांना पाव, लोणी आणि त्यावर जवसाची चटणी दिली. त्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, "तुझे डोळे चांगले आहेत का?"

बोलतो आम्ही इंग्रजीतच, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात मराठीतच साठत गेलंय, म्हणून तसंच लिहिते. त्यांचे स्वतःचे डोळे जात चालले होते. समोरचं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. त्यामुळे त्या माणसाकडे बघायच्या म्हणजे त्याच्या कानाकडे बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी याहून कमी दिसेल. म्हणून मे महिन्यात त्या नातीला घेऊन इंग्लंडला निघाल्या होत्या, पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. त्यांचा थॉमस नावाचा पूर्वज, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी बोटीत बसून या किनाऱ्यावर उतरलेला, ज्या गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्याने भिजला ते गाव त्यांना डोळे असेतो बघायचं होतं. जायच्या आधी तिथल्या चर्चच्या मूळ नोंदी कुणीतरी त्यांना वाचून दाखवाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर एक लाकडी ढाल टांगलेली होती. तिच्यावर तीन पक्षी आणि एक पट्टा. ते थॉमसच्या घराण्याचं चिन्ह. शेजारी त्यांच्या वडिलांनी हाताने काढलेली वंशावळ, भिंतभर. वडील हार्डवेअरचं दुकान चालवायचे आणि उरलेलं आयुष्य त्यांनी पूर्वजांत घालवलं. झाडाच्या बुंध्याशी थॉमस होता, इंग्लंडात सफक परगण्यातल्या एका मोठ्या गावच्या जमीनदाराचा मुलगा.

त्या पहिल्या दिवशी मार्गारेटबाईंनी सहज विचारलं, "तू किती मागे जाऊ शकतेस?"

मी म्हणाले, "आजोबांपर्यंत."

त्या थांबल्या. त्यांना वाटलं, मी मोजतेय आणि पुढे आणखी येणार आहे. पुढे काही नव्हतं. त्या भिंतीपुढे बसून मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करायला हवं. चीडही आली. चारशे वर्षांचं लिहिलेलं माणसाला मिळतं आणि वर त्याला ढालही लागते!

आमच्या घरात कागदाशी नातं जरा वेगळंच होतं. माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जून. मोठ्या काकांचा एक जून. आत्याचाही एक जूनच. शाळेत घालायला नेलं की गुरुजी पोराची उंची बघत, डोक्यावरून हात फिरवून कानापर्यंत पोचतो का तपासत आणि एक जून लिहून मोकळे होत. वडील जन्मले ते थंडीत, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा, असं आजी सांगायची. त्यामुळे कागदावर लिहिलंय म्हणून ते तसंच झालं, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. पुढे मी औषध कंपनीत तपासणीच्या आकड्यांतल्या चुका शोधायचं काम करू लागले ते यामुळेच असेल. सगळं बरोबर जुळलं की मला संशय येतो.

मग सुरू झाले ते दिवस. दुपारी मी पायात घोट्यासाठी दवाखान्यातून मिळालेला प्लास्टिकचा बूट चढवून, कुबडी चिखलात रोवत रस्ता ओलांडायचे. मार्गारेटबाईंच्या स्वयंपाकघरात रस उकळत असायचा. खिडक्यांवर वाफ, भिंतींना गोडसर वास आणि टेबलावर माझा लॅपटॉप. त्या मोठ्या गावच्या चर्चच्या नोंदवहीची पानं आता घरबसल्या दिसतात. पण ती वाचायची म्हणजे नाकी नऊ. अक्षरं आडवी पडलेली, शाई फुटलेली, कारकुनाला सगळ्या जगाची घाई. पहिल्या आठवड्यात मला दिवसाला चारच ओळी उलगडत. नंतर डोळा बसला आणि लग्नं, बारशी, मरणं सरसर वाचता येऊ लागली. मार्गारेटबाई डोळे मिटून ऐकत. एखाद्या घरात लागोपाठ तीन मुलं गेलेली आली की त्या हात वर करून मला थांबवत. त्यांनी हात खाली घेतला की मी पुढची ओळ वाचत असे.

थॉमसचा बाप्तिस्मा सापडला. वडिलांनी लिहिला होता तसाच, त्याच दिवशी. मार्गारेटबाईंनी टाळी वाजवली. काम संपलं होतं. पण सवय वाईट. मी घरी येऊन उगाच पुढची पानं चाळली आणि तीन वर्षांनंतरच्या मरणांच्या यादीत तो भेटला. थॉमस, त्याच जमीनदाराचा मुलगा. पुरला.

दोन दिवस मी समोर गेले नाही. घोटा दुखतोय असं सांगितलं. बाईंची तिकिटं काढलेली, त्या गावातली खोली ठरलेली. दिसतंय तोवर त्यांना एक चर्च बघायचं आहे आणि ते चर्च त्यांचं नाही, हे कुणी सांगायचं? सांगितलं नाही तर त्या आनंदाने जाऊन येतील. कुणाचं काय बिघडणार होतं? मी प्रज्ञाला फोन केला.

"आई, यू हॅव टु टेल हर," ती म्हणाली. "शी इज फ्लाइंग देअर!"

"अगं, ब्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या."

"सो? ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला खोटं चालतं का?"

एवढं वाक्य ती मराठीत बोलली. रागावली की तिला मराठी येतं.

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं. मार्गारेटबाईंनी माझ्या कानाकडे बघत विचारलं, "किती वर्षांचा होता?"

"तीन."

"बिचारा." मग त्यांनी उकळता रस एकदा ढवळला. "आणि आम्ही त्याला मोठा केलं," त्या म्हणाल्या. "बोटीत बसवलं, त्याचं लग्न लावलं, त्याला नऊ मुलं दिली. त्याच्यासाठी कुणी रडलंसुद्धा नाही." आणि त्या खरंच रडल्या, त्या तीन वर्षांच्या परक्या पोरासाठी.

चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली तेव्हा टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात वडिलांच्या चिठ्ठ्या होत्या, शेकडो, आणि एक लाल पेन्सिल. "खरा थॉमस कुठलातरी असणारच," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी कुठून आले?" मी डबा पुढे ओढला. चिठ्ठ्या वाचायला घेतल्या.

त्यात एक होती. मोठ्या गावापासून सहा मैलांवरचं धाकटं गाव. तिथल्या पाद्र्याने वडिलांना पत्राने कळवलेल्या दोन तारखा. एका शेतमजुराचं लग्न, एप्रिलमध्ये. त्याच्या थॉमस नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. खाली लाल पेन्सिलीने वडिलांचा शेरा होता की मूल लग्नाच्या आधीचं दिसतं, हा आपला नव्हे. आणि आडवी रेघ. आम्हीही ती चिठ्ठी बाजूला ठेवली. वडिलांनी तपासलेलं आहे, म्हटलं.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मी वर्ध्याकडच्या आमच्या गावी नामदेवकाकांना फोन लावला. हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता चौऱ्याऐंशीचे. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ.

"पाय कसा हाय तुहा?" काका ओरडले. फोनवर ते नेहमी ओरडतात, अमेरिका लांब आहे म्हणून. "बरं झालं आज फोन केला. पाडवा हाय नं आज."

"काका, आपल्याकडे कुठे असतो पाडवा?" आमच्या घरात गुढी उभारत नाहीत. आमचा सण पुढे एप्रिलच्या मध्यावर, निळ्या झेंड्यांचा.

"सण नसे बापा. पण तुह्या आज्याचं साल आजच्या दिवशी भरे. मालकाकडचं जुनं साल संपे, अन् मंग नवं लागे. मंधातला एक दिवस तो कोणाचाच गडी नसे. दिवसभर बाजीवर पडून राहे अन् आमाले म्हणे, आज मले कोणी उठवू नका."

सालगडी. वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. आजोबा आयुष्यभर तेच होते. त्यांचं वर्ष जानेवारीत कधी बदललंच नाही. ते पाडव्याला बदलायचं, मार्चच्या शेवटाला नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला. त्यांच्या लेखी फेब्रुवारी हा वर्षाचा शेवट होता.

फोन ठेवला आणि कॉफी करताना मी तशीच उभी राहिले. त्या नोंदवहीत मी पुन्हा पुन्हा बघितलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. वर्षाचा आकडा जानेवारीत बदलत नव्हता. तो मार्चच्या पानाच्या मध्यावर बदलत होता. मी म्हटलं, कारकून वेंधळा असेल. कारकून वेंधळा नव्हता. त्या काळच्या इंग्लंडात वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. कुळांचे करार, घरांचे करार, सगळं त्या दिवशी नवं. म्हणजे त्यांच्या एका वर्षात एप्रिल आधी यायचा आणि फेब्रुवारी नंतर. लग्न एप्रिलमध्ये, बाप्तिस्मा पुढच्या फेब्रुवारीत. मी बोटांवर मोजलं. दहा महिने! कुठल्याही सासूचं समाधान झालं असतं.

कुबडी न घेता मी रस्ता ओलांडला. चिखलात बूट राहिला, तो तिथेच सोडला.

मार्गारेटबाईंनी ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाल्या, "बाबांना हे माहीत नसेल असं होणार नाही." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. शोधायला अर्धा तास लागला. मार्गारेटबाईंच्या आईकडच्या घराण्याच्या चिठ्ठ्यांवर, त्याच अक्षरात, वडिलांनी जागोजागी लिहून ठेवलं होतं की इथे फेब्रुवारी पुढचा धरावा. त्यांना पक्कं माहीत होतं. फक्त या एका चिठ्ठीपुरते ते विसरले होते.

"शेतमजुराचा मुलगा," मार्गारेटबाई म्हणाल्या. "दुकानात लोक बाबांना घालूनपाडून बोलायचे, तेव्हा मी लहान होते. त्यांना घरात एक जमीनदार हवा होता." त्या रागावल्या नाहीत. ढालीकडे बघितलं असावं, म्हणजे ढालीच्या शेजारी.

तेव्हा मला बोलावं लागलं. नाहीतर मी तिथे न्यायाधीशासारखी बसून राहिले असते. प्रज्ञा चौथीत असताना शाळेने वंशावळ काढून आणायला सांगितली होती. मोठ्या पुठ्ठ्यावर तिने झाड काढलं, सफरचंदांत नावं लिहिली आणि पणजोबांच्या सफरचंदापाशी येऊन विचारलं, "आई, व्हॉट डिड ही डू?" मी म्हणाले, फार्मर. तिने जांभळ्या स्केचपेनने सुंदर अक्षरात लिहिलं, फार्मर. शेतकरी. ज्याच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, त्या माणसाला मी एका शब्दात सातबारा काढून दिला. मला तिच्या वर्गातल्या मुलांच्या आजोबांपुढे, डॉक्टरांपुढे, वकिलांपुढे माझा सोमाआजोबा गडी म्हणून उभा करायचा नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतात सालाने राबायचा ते मला तेव्हाही माहीत होतं.

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं, फक्त सालगडी हा शब्द मराठीत. त्याला दुसरा शब्द मला आला नाही. मार्गारेटबाईंनी तो दोनदा म्हणून बघितला. मग उठून त्यांनी माझ्या हातात गरम सिरपची वाटी दिली आणि म्हणाल्या, "माझा थॉमसही तोच ना?"

तोच होता. पुढच्या पंधरा दिवसांत पुरावा मिळाला. त्या धाकट्या गावातल्या थॉमसच्या विधवा आईचं मृत्युपत्र. तिच्याकडे ठेवून जाण्यासारखं थोडकंच होतं, त्यात एक तांब्याची कढई होती. ती थॉमसला द्यावी असं तिने लिहवून घेतलं होतं, समुद्रापलीकडे न्यू इंग्लंडात दुसऱ्याच्या चाकरीत असलेल्या मुलाला, तो परत आला तर. मी हे दोनदा वाचलं. माझ्या आईनेही माझ्यासाठी एक पितळी डबा बाजूला काढून ठेवला होता. मी आले की देईन म्हणायची. मी पोचले तेव्हा ती नव्हती.

थॉमस परत गेला नाही. इथेच नदीकाठी राहिला, ज्या नदीला अजूनही त्याच्या आधी इथे राहणाऱ्या मूळ लोकांनी दिलेलं नाव आहे. त्या लोकांच्या वंशावळी गावच्या ग्रंथालयात कुठल्याच भिंतीवर नाहीत. प्रज्ञाने हे मला ऐकवलं आणि मी ते मार्गारेटबाईंना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. "एकदा खरं वाचायला बसलं की सगळंच वाचावं लागणार," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात त्या गेल्या, धाकट्या गावी. नातीने तिथून फोन लावून दिला. चर्च एवढंसं होतं म्हणे, आणि आत अंधार होता. समोरचं त्यांना काहीच दिसलं नाही. मग नातीने त्यांचा हात धरून बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडीवर ठेवला. "काठ एका बाजूला झिजलाय," मार्गारेटबाई मला फोनवर सांगत होत्या. "तिथे आया उभ्या राहायच्या." त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा येत होता. मी इकडे स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते.

आता पुन्हा मार्च आहे. मार्गारेटबाईंना कडेचंही फारसं दिसत नाही. रस मी गाळते, त्या वासावरून सांगतात की आता उतरव. शेकोटीवरची ढाल गेली. तिच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन होता, त्यावर त्यांनी नातीकडून मोठ्या अक्षरांत एक पाटी लिहवून घेतलीय. थॉमस, त्या धाकट्या गावचा. आणि खाली त्याचा व्यवसाय, सालगडी, इंग्रजी अक्षरांत. येणारा जाणारा विचारतो. त्या मोठ्या ऐटीत सांगतात.

काल बादलीचा आवाज ऐकून मी माळ्यावर चढले. नवरा खालून म्हणत होता, घोटा सांभाळ. प्रज्ञाचा पुठ्ठा सापडला, कडा कुरतडलेल्या, सफरचंदं अजून लाल. मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला आणि फोन करून सगळं सांगितलं, आजोबांचं साल, बाज, तो मधला दिवस, आणि माझं खोटंही.

"फिक्स इट, आई," ती म्हणाली. "आणि पेनने लिही."

लाल पेन्सिल मार्गारेटबाईंनी मला कधीच देऊन टाकली होती. तिने मी फार्मरवर रेघ मारली आणि मग पेनने लिहिलं, सालगडी. वर आणखी एक सफरचंद होतं, सोमाआजोबांच्या वडिलांचं. प्रज्ञाने तेव्हा ते रंगवलं होतं, पण आत लिहायला मी तिला काहीच दिलं नव्हतं. नामदेवकाकांना कधी विचारलंच नव्हतं, विचारलं तर आणखी काय निघेल या भीतीने. आमची सकाळ होती, म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी पेन हातात घेऊन फोन लावला.

"काका," मी ओरडले, "सोमाआजोबांच्या बापाचं नाव काय होतं?"

"हात् तिच्या," काका तिकडून ओरडले. "इतक्या वर्षांनं कोणी तरी इचारलं. लिहून घे."